मास्तरांच्या कटोऱ्यातलं पाणी

माझ्या एका जुन्या मोजणीवहीच्या शेवटच्या पानावर सात आकडे आहेत. सा ४.६, रे ३.९, ग ५.२ असे सुरू होऊन वरच्या सा पर्यंत, मधला नि सोडून. सगळे सेंटीमीटरमध्ये. खाली तारीख नाही, सही नाही. मी भूमी अभिलेख खात्यात भूमापक आहे. तारीख टाकल्याशिवाय मी काही लिहीत नाही, म्हणून हे पान मला उघडताक्षणी ओळखू आलं. अमरावतीचं घर रंगवायला काढलं तेव्हा माळ्यावरून वही खाली आली. बायकोनं विचारलं, "रद्दीत टाकू?" मी म्हटलं, "नको."

हे आकडे यूसुफमास्तरांच्या खोलीतल्या सात भांड्यांमधल्या पाण्याचे आहेत. ते बरोबर आहेत, मी दोनदा मोजले होते. तरी त्यातला पहिला आकडा मी लिहिला नसता तर बरं झालं असतं, असं मला इतक्या वर्षांनीही वाटतं.

तेव्हा मी मूर्तिजापूरला होतो. यूसुफमास्तरांची खोली स्टेशनच्या मागच्या अंगाला, छोट्या, म्हणजे नॅरोगेजच्या, रुळांच्या बाजूला होती. दहा फूट बाय चौदा. दारावर पत्र्याची पाटी होती, "हारमोनियम दुरुस्ती व शिकवणी", त्यातला 'शिकवणी' हा शब्द नंतर लिहिलेला, वेगळ्या रंगात. ते साठीच्या पुढचे, उंच, किंचित पोक काढून चालणारे. अंगात पांढरा सदरा आणि खिशात कायम एक बारीक कानस, पेटीचे सूर घासायची. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. एकुलता मुलगा सलीम भिवंडीला लूमवर होता.

त्यांना प्रत्येक वस्तू वाजवून पाहायची सवय होती. चहाचा ग्लास हातात आला की आधी त्याच्या काठावर नख मारायचे, मग प्यायचे. बाजारात टरबूज, माठ, सायकलीची घंटी, काही सुटायचं नाही. पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा खुर्चीवर बसण्याआधी त्यांनी माझी लोखंडी मोजणीसाखळी बोटानं उचलली, सोडली आणि कान देऊन ऐकलं.

"काय ऐकता मास्तर?"

"काही नाही साहेब. हिचा सूर नाही, नुसती किरकिर आहे. लोकायची भांडणं मोजते ना, मंग काय करीन बिचारी."

पोरांना ते 'शाब्बास' कधी म्हणत नसत. सूर बरोबर लागला तर डोक्यावरची टोपी काढून टाळू खाजवायचे आणि "हं" म्हणायचे. त्या "हं" साठी पोरं जीव टाकायची. आईबापांना हे कळत नसे. एकानं मला विचारलं होतं, "मास्तर खूश आहे का नाराज, कळत नाही हो." मी म्हटलं, "टोपीकडे लक्ष ठेवा."

माझी मुलगी पल्लवी तेव्हा दहा वर्षांची. तिला पेटी शिकवायची हौस तिच्या आईची, म्हणजे सुनंदाची. पहिला महिना सा रे ग म घोकण्यात गेला. दुसऱ्या महिन्यात रविवारी सकाळी पल्लवीचं पोट दुखू लागलं. ओळीनं चार रविवार दुखलं. मी मास्तरांना प्रामाणिकपणे सांगितलं की पोरीला आवड दिसत नाही, बंद करू या.

मास्तर पल्लवीला म्हणाले, "तुले पेटी नको ना? मलेही नको होती लहानपणी. तू एक काम कर. घरी जाय अन् घरातलं सगळ्यात बोलणारं भांडं शोधून आण. चोरून नको, आईले विचारून."

त्या संध्याकाळी आमच्या स्वयंपाकघरात जे झालं ते शेजाऱ्यांनाही ऐकू गेलं. पल्लवीनं चमच्यानं एकेक भांडं वाजवायला घेतलं. सुनंदा म्हणाली, "हे कोणतं शिकणं बाई? घरात कल्हईवाला आणून बसवला मास्तरनं." मी मात्र घड्याळ घेऊन बसलो, कारण पल्लवी म्हणाली होती, जे जास्त वेळ बोलतं ते. स्टीलचा डबा दोन सेकंद. पितळी गडवा पाच. माझ्या आईची काशाची वाटी अकरा. वाटी वाजली तेव्हा पल्लवीनं चमचा खाली ठेवला आणि ती संपेपर्यंत श्वास घेतला नाही. चार रविवारांचं पोटदुखणं तिथं थांबलं.

मास्तरांची रीत अशी होती. प्रत्येक पोरानं घरून एक भांडं आणायचं. मास्तर त्याच्यावरून कानस फिरवल्यासारखं बोट फिरवत, ऐकत आणि सांगत, हे तुझं 'रे', हे तुझं 'ध'. त्यात पाणी घालायचं. पाणी वाढलं की सूर खाली उतरतो, कमी झालं की चढतो. मास्तर पेटीवर एक सूर धरून ठेवत आणि पोरानं आपलं भांडं त्या सुराला मिळेपर्यंत पाणी कमी-जास्त करायचं. मधे मास्तर एक शब्द बोलत नसत. पेटीचा भाता हलत राही, एवढंच. आपलं भांडं आपण जुळवायचं, दुसऱ्याच्या भांड्याला हात लावायचा नाही, दुसऱ्याला सांगायचंही नाही. "ज्याचे कान त्याच्यापाशी" हा नियम.

मूर्तिजापूरला तेव्हा नळ पाचव्या-सहाव्या दिवशी येई. म्हणून दुसरा नियम होता, पाणी सांडायचं नाही. कमी पडलं तर चमच्यानं घाला, जास्त झालं तर पिऊन टाका. पोरांना हाच सगळ्यात मोठा खेळ वाटे. भांड्याला तोंड लावायचं, घोट घ्यायचा, वाजवायचं, पुन्हा अर्धा घोट. गजू नावाचा एक गुबगुबीत मुलगा होता, त्याचा 'ग'. तो मुद्दाम भांडं काठोकाठ भरायचा.

"अबे गजू, सूर लावून राहिला का पंगतीले बसला?"

"मास्तर, तहान लागली जी."

"मंग तुह्या बापाले सांगतो, पोट्टं गाणं पिऊन राहिलं म्हणून."

पण तिसरा नियम खरा. मास्तरांनी स्वतः एक चाल बांधली होती. छोट्या रुळांवरून जाणाऱ्या गाडीच्या ठेक्यावर. ती खालच्या 'सा' वरून निघे, एकेक स्टेशन घेत वरच्या 'सा' पर्यंत जाई आणि परत खालच्या 'सा' वर येऊन थांबे. 'रे' पासून वरच्या 'सा' पर्यंत सात सूर सात पोरांचे. खालचा 'सा' मास्तरांचा. त्यांचं भांडं म्हणजे काशाचा एक खोलगट कटोरा, त्यांच्या बायकोनं तेल्हाऱ्याहून, माहेराहून आणलेला. काठाच्या आतल्या बाजूला तिचं नाव कोरलेलं होतं, निम्मं झिजलेलं.

एखादं पोर आलं नाही तर मास्तर हजेरी घेत नसत, कुणाला रागावत नसत. चाल वाजवायची, फक्त त्या पोराच्या सुराच्या जागी सगळ्यांनी गप्प राहायचं, तेवढा ठोका मोकळा सोडायचा. त्या खड्ड्याशी चाल दर वेळी अडखळायची. मग मास्तर इतकंच म्हणत, "आज 'म' घरी राहिला." क्लास सुटला की पोरंच त्याच्या घरी जात. "तुह्यामुळे सगळी गाडी लंगडून राहिली ना बे, काहून नाही आला?" माझ्या नोकरीत मी नोटिसा पाठवून लोकांना हजर करतो. तरी निम्मे येत नाहीत. मास्तरांची ही नोटीस मी कधी फुकट गेलेली पाहिली नाही, म्हणजे जोवर पोर गावात असे तोवर.

कारण ती वर्षं माणसं हलण्याची होती. मोजणीच्या कामानं मी खेड्यांतून फिरत असे. शेताच्या हद्दीवर पूर्वी दोन्हीकडचे मिळून दहा-बारा लोक उभे राहत. त्या वर्षांत एक म्हातारा आणि एक सून, असे उभे राहू लागले. बाकीचे कुठे, म्हणून विचारलं तर पुणे, सुरत, नाशिक. मास्तरांना हेच पेट्यांवरून कळे. खेड्यांतल्या भजनी मंडळांच्या पेट्या त्यांच्याकडे दुरुस्तीला येत. एकदा एक भाता मला दाखवून म्हणाले, "पहा साहेब. आधी पेट्या फाटून येत होत्या, वाजवून वाजवून. आता आखडून येते. वर्षभर कोनी उघडलीच नाही तिले." तीन पेट्या दुरुस्त होऊन त्यांच्या फळीवर पडून होत्या. न्यायला कुणी आलं नव्हतं. रोज दुपारी ते त्या तिन्ही पेट्या खाली काढत, पाच-पाच मिनिटं वाजवत आणि परत ठेवत.

"दुसऱ्याच्या आहेत, मंग कशाला वाजवता?"

"बंद राहिल्या तं आखडतीन ना पुन्हा."

मी एकदा कामानं दुपारी तिकडून गेलो तेव्हा दार उघडं होतं. मास्तर जेवत होते. समोर ताटली, बाजूला पेटी आणि डाव्या हातानं त्यांनी पेटीचा एक सूर धरून ठेवलेला. नुसता एकच. घास घेत, भाता हलवत, ऐकत. मी आत न जाता परत फिरलो. का ते सांगता येणार नाही. कुणाशी तरी बोलणं चाललंय आणि मधे जाऊ नये, असं वाटलं.

तीन वर्षांत त्यांच्याकडे एकोणीस पोरं आली. मी मोजली आहेत. पण एका वेळी सहाच्या वर कधी झाली नाहीत. सातवं यायचं त्याच सुमारास कुणीतरी जायचं. एकाचा बाप कापसाच्या जिनिंग फॅक्टरीत होता, ती बंद झाली. एकीला शिकायला मामाकडे धाडली. जाताना भांडं परत न्यायचं, हाही मास्तरांचा नियमच. "भांडं घरचं आहे. ते घरी गेलं पाहिजे."

सोनू नावाचा एक मुलगा दर रविवारी छोट्या गाडीनं चार स्टेशनांवरून यायचा. त्याचा 'म', पितळी गडव्यात. एक रविवार आला नाही, दुसरा नाही, तिसरा नाही. मास्तर गडवा पिशवीत घालून त्याच गाडीनं त्याच्या गावी गेले. संध्याकाळी स्टेशनवर मला भेटले तेव्हा पिशवी तशीच भरलेली होती.

"कुलूप आहे साहेब. शेजारची बाई म्हणे, सगळे गेले. कुठं गेले ते तिलेही ठाऊक नाही."

"मग शेजारणीकडे ठेवायचा होता गडवा."

"ठेवत होतो. पण तिनं तो हातात घेऊन असा पाहिला का, म्हटलं हे विकीन. तिचंही चूक नाही." थोडं थांबून म्हणाले, "तीन घंटे ओट्यावर बसून होतो. गाडी नव्हती ना."

पुढच्या रविवारी गडवा आपल्या जागी होता, रिकामा. त्याच्या ठोक्याला सगळे गप्प राहिले. पुढे 'म' साठी दुसरा मुलगा आला, त्याचा स्टीलचा गंज, म्हणजे पातेलं, आलं, तरी सोनूचा गडवा मास्तरांच्या मागे कोनाड्यात राहिला.

आता माझी चूक सांगतो. पहिली.

पोरांचा अर्धा वेळ पाणी जुळवण्यात जातो, हे मला खटकत असे. मी मोजणीचा माणूस. एका रविवारी सगळी भांडी जुळल्यावर मी पट्टी घेऊन प्रत्येकातलं पाणी मोजलं. तेच ते सात आकडे; 'नि' चं पोर तेव्हा नव्हतं. मास्तरांचा कटोराही मोजला, चार पूर्णांक सहा. मग ऑफिसात हद्दीच्या दगडांवर नंबर टाकायचा लाल रंग असतो, तो मधल्या एका दिवशी आणला आणि मास्तर नमाजाला गेले असताना प्रत्येक भांड्याला आतून एक बारीक रेघ मारली. आता रेघेपर्यंत पाणी घाला की झालं.

मास्तर परत आले. त्यांनी सातही भांडी पाहिली. मी कौतुकाची वाट पाहत उभा होतो.

"साहेब, तुमी तं सुराची हद्दच कायम करून टाकली."

"वेळ वाचेल मास्तर. वीस मिनिटं तरी."

"हाव, वाचीन." एवढंच बोलले.

त्या रविवारी पोरांनी दोन मिनिटांत पाणी भरलं. कुणी घोट घेतला नाही, कुणी कान लावला नाही. उरलेल्या वीस मिनिटांत त्यांनी एकमेकांच्या डोक्यात टपल्या मारल्या. पुढच्या रविवारी गेलो तर सगळ्या रेघा गायब. रॉकेलनं घासून काढल्या होत्या. मास्तरांच्या नखांच्या कडा लाल दिसत होत्या. मी ओशाळलो. ते म्हणाले, "राग नका मानू. डोळ्याले दिसलं का कान झोपून जाते. इतक्या मेहनतीनं जागे केले पोट्ट्यायचे." मग हसून म्हणाले, "वहीत मात्र असू द्या. सरकारी माणसाची वही, खोडता येत नाही."

त्याच वर्षी ईदला सलीम आला होता. मी आणि पल्लवी शीरखुर्म्याला गेलो. सलीम हाडाचा चांगला मुलगा, तिशी-पस्तिशीचा, बापाचेच लांब हात. पण वाटी हातात देता देता तो माझ्यापाशी गाऱ्हाणं घेऊन बसला.

"तुमीच सांगा साहेब यायले. मागच्या महिन्यात चक्कर येऊन पडले. दोन घंटे पडून होते, कोनाले मालूम नाही. तिथं घर आहे, नातवंडं आहेत. कोनाच्या भरोशावर राहून राहिले इथं?"

"आलो होतो ना भिवंडीले," मास्तर म्हणाले.

"पंधरा दिवसासाठी आले अन् आठव्या दिवशी परत!"

"अरे, तिथं लूमचा आवाज. दिवसरात्र एकच. कानाले काही कामच नाही तिथं."

"कानाले काम पाहिजे म्हणते, अन् माणूस पडून मेला तं?"

पल्लवीनं खाणं थांबवलं. मास्तरांनी टोपी काढली, पण टाळू खाजवली नाही, नुसती हातात फिरवली. मग म्हणाले, "ठीक आहे. माहं एक सप्तक पुरं होऊ दे. सात पोरं अन् मी, आठ भांडे, पुरी चाल, एक बी खड्डा नाही. एक डाव अशी वाजली का त्याच महिन्यात मी येतो. पक्कं."

"अब्बा, हे तं कधीच नाही व्हायचं."

"मोजणीसाहेब साक्षीदार. हे माणूस सुताचं खोटं बोलत नाही. झालं का नाही, हेच सांगतीन तुले."

सलीमनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. मला तो मान वाटला होता.

दिवाळीनंतर आरती आली. खेड्यावरून मामाकडे शिकायला आलेली, बोटभर वेणी, बोलायला लाजरी. भांडं म्हणून तिनं फुलपात्र आणलं होतं. मास्तरांनी ते वाजवलं आणि बराच वेळ हातात धरून बसले. 'नि' निघाला. तीन वर्षं 'नि' ची जागा बहुतेक रिकामीच होती. भरली तेव्हा दुसरी एखादी रिकामी असे. या वेळी सगळ्या भरल्या. सात पोरं झाली.

त्या महिन्यात मी अकोल्याला एका मोठ्या मोजणीवर होतो, रविवारीही येता येत नसे. घरी फोन केला की पल्लवीला विचारायचो, "झालं का सप्तक?" ती म्हणायची, "नाही बाबा, अजून नाही जमलं." तीन रविवार तेच उत्तर. मला नवल वाटे. सात पोरं नेमानं येणारी, मग जमत का नाही?

चौथ्या रविवारी मी मूर्तिजापूरला होतो. सलीमही आला होता, दोन दिवसांच्या सुट्टीवर. तो दाराच्या चौकटीला टेकून उभा, मी आत भिंतीपाशी. थंडीची सकाळ होती. पोरांनी भांडी जुळवली. गजूनं दोन घोट कमी केले, आरतीनं एक चमचा घातला. मास्तर पेटीचा एकेक सूर धरून ऐकत गेले आणि सातही वेळा "हं" म्हणाले. मग स्वतःचा कटोरा पुढे घेतला. त्यासाठी पेटी धरली नाही.

चाल निघाली. एकेक स्टेशन घेत वर गेली, एकही खड्डा नाही. माझ्यासारख्या माणसाच्याही अंगावर काटा आला. पण खाली येऊन मास्तरांच्या 'सा' वर थांबली तेव्हा काहीतरी बिनसलं. पायरी आहे समजून पाय टाकावा आणि ती थोडी खाली असावी, तसं.

"नाही जमलं," मास्तर म्हणाले. "पुढच्या रविवारी पाहू."

पोरं आपापल्या भांड्याकडे पाहत राहिली. सलीमनं सुस्कारा टाकला. आणि माझं लक्ष कटोऱ्याकडे गेलं. पाणी कोरलेल्या नावाच्या बरंच जवळ आलेलं दिसत होतं. वही माझ्या पिशवीतच होती, पट्टीही. मी पुढे वाकलो, पट्टी धरली आणि वही उघडून पाहिली.

"मास्तर, पोरांचं बरोबर आहे. तुमच्याच कटोऱ्यात पाणी जास्त झालंय. चार पूर्णांक सहा पाहिजे, साडेपाच आहे."

मास्तरांनी वर पाहिलं. ते माझ्याकडे किती वेळ पाहत होते, ते मी मोजलेलं नाही. रागानं नव्हे. मग त्यांनी कटोरा दोन्ही हातांनी उचलला, नियमाप्रमाणे तोंडाला लावला आणि घोट घेतला. वाजवला. आणखी एक घोट घेतला. वाजवला. पाणी संपवण्याची घाई त्यांना अजिबात नव्हती. तिसऱ्या घोटानंतर कटोरा खाली ठेवून म्हणाले, "चला."

चाल पुन्हा निघाली, वर गेली, खाली आली आणि त्या 'सा' वर अशी येऊन थांबली की काही शिल्लक राहिलं नाही. सलीम आत आला आणि बापाच्या पायाशी बसला. "झालं अब्बा. झालं ना साहेब?"

"झालं," मी म्हटलं. साक्षीदार होतो.

मला वाटलं होतं, पोरं ओरडतील, नाचतील. कुणी ओरडलं नाही. गजू आपल्या भांड्यात बोट बुडवून बसला होता.

घरी येताना पल्लवी माझ्यापुढे चार पावलं चालत होती. रेल्वेचं फाटक बंद होतं तिथं थांबावं लागलं, तेव्हा माझ्याकडे न पाहता म्हणाली, "बाबा, तुमी काहून सांगितलं?" घरी ती आमच्यासारखं बोले. चिडली की मूर्तिजापूरचं बोले.

"अगं, पाणी जास्त होतं. मोजून पाहिलं मी."

"आमाले माहीत होतं. चारही रविवार जास्तच होतं. आमाले सगळ्यायले ऐकू येत होतं."

"मग कुणी बोललं का नाही?"

"मास्तरचा सूर चुकते का कधी?" ती म्हणाली. "ज्याचं भांडं त्याचं."

मालगाडी जात होती. डबे मोजायची मला लहानपणापासून सवय आहे. त्या दिवशी मोजले नाहीत.

मी दोन दिवसांनी मास्तरांकडे गेलो. काय बोलावं ते ठरवून गेलो होतो, की माझं माप चुकलं असेल, पट्टी तिरपी धरली गेली असेल. मी तोंड उघडलं आणि त्यांनी हात वर केला. "नाही साहेब. तुमाले खोटं जमत नाही, कशाला तरास घेता? सलीमचंही बरोबर आहे. पडलो होतो मी, ते खरंच आहे. अन् सप्तक वाजलं, तेही खरं आहे." मग बराच वेळ कानस सदऱ्याला पुसत राहिले. "फक्त वाटत होतं, अजून थोडे रविवार."

त्यांनी पोरांची भांडी घरोघरी जाऊन परत केली. फळीवरच्या तीन पेट्या तीन गावांना स्वतः नेऊन दिल्या. एका गावात भजनी मंडळच उरलं नव्हतं, ती शाळेत ठेवून आले आणि मास्तरीणबाईला सांगून आले, रोज पाच मिनिटं उघडत जा. सोनूचा गडवा माझ्याकडे दिला. "तुमी गावोगाव फिरता. दिसला तं द्या." तो अजून माझ्याकडे आहे.

जानेवारीतल्या एका दुपारी ते भिवंडीला निघाले. स्टेशनवर सातही पोरं आली होती. सलीम सामान लावत होता. मास्तर खिडकीपाशी बसले, मांडीवर फडक्यात बांधलेला कटोरा. त्यांनी तो सोडला आणि मला म्हणाले, "साहेब, पाणी आहे का?"

मी बाटली दिली. त्यांनी कटोरा काठोकाठ भरला, नाव पाण्याखाली गेलं, आणि डब्याच्या दारात येऊन तो खाली पोरांकडे दिला. गजूनं घोट घेतला, पल्लवीनं घेतला, आरतीनं घेतला, असा तो सातही हातांतून फिरला. पल्लवीनं तो मास्तरांना परत द्यायला वर धरला, तेव्हा ते म्हणाले, "साहेबाले राहिलं ना."

मी कटोरा हातात घेतला. आत किती पाणी उरलं होतं, किती प्यायचं होतं, मला काहीच समजेना. डोळे मिटले आणि प्यायलो. एक घोट.

मास्तरांनी कटोरा घेतला आणि काठावर नख मारलं. गाडीनं शिट्टी दिली नव्हती, त्यामुळे आवाज सगळ्यांना ऐकू आला. ते कान देऊन ऐकत राहिले, आवाज संपेपर्यंत. मग टोपी काढून टाळू खाजवली.

सूर बरोबर होता की नाही, पोरांना नक्की कळलं असणार. मी पल्लवीकडे पाहिलं. ती मास्तरांकडे पाहत होती. गाडी हलली. सातही जण गप्प उभे होते, आणि आठवा मी.